शेवंतीच्या माथी

तांबोळी डॉक्टरांनी टेबलावर पांढरा कागद पसरला, त्यावर पाणी शिंपडलं. शेवंतीच्या शेपटीच्या बुडाशी त्यांनी लिखा काढायची बारीक फणी दोन-तीनदा फिरवली आणि फणीत अडकलेला काळा चुरा कागदावर झटकला.

"आता बघा हं, मावशी."

काळ्या कणांभोवती हळूहळू तांबूस कडी उमटली.

"रक्त?" आईनं विचारलं.

"हिचंच. पिसवांच्या पोटातनं बाहेर पडलेलं. आम्ही दोन महिने उगाच चपातीवर खापर फोडलं."

दोन महिने आई शेवंतीला नुसता भात आणि मुगाचं वरण घालत होती. डॉक्टरांना आधी गव्हाचा संशय आला होता. आमचं घर जैनांचं, त्यामुळं अंडी-मटणाचा प्रश्नच नव्हता. दूध-चपातीवर वाढलेली ती जेमतेम चार किलोची पांढरी पामेरियन कुत्री. आप्पा गेल्यावर माझ्या धाकट्या भावानं, भरतेशनं, आईला सोबत म्हणून ती आणून दिली होती. भरतेश पुण्याला नोकरीला, मी लग्न होऊन इचलकरंजीला. सांगलीच्या घरात आई आणि शेवंती, दोघीच. आई तिच्याशी दिवसभर बोलायची. भाजी निवडताना भाव सांगायची, देवळातनं आल्यावर कोण कोण भेटलं ते सांगायची.

"पिसवा सगळ्याच कुत्र्यांना चावतात," डॉक्टर सांगत होते. "पण हिला त्यांच्या लाळेची अ‍ॅलर्जी आहे. एक चावली तरी पंधरा दिवस अंग ओरबाडत बसेल. हे थेंब महिन्यातनं एकदा मानेवर, केस बाजूला करून कातडीवर सोडायचे. तीन महिने तरी चुकवायचं नाही. अंथरूण दर आठवड्याला उकळत्या पाण्यात. आणि हा शाम्पू लावून घड्याळ लावून दहा मिनिटं ठेवायचा, मग धुवायचा. आपला अंगाचा साबण हिला नको."

आई मान हलवत ऐकत होती. ऐकता ऐकता उजव्या हाताच्या नखांनी डावा तळहात खाजवत होती. डॉक्टरांचं बोलणं थांबलं.

"मावशी, तुम्हालाही खाज येते?"

"येते की. उन्हाळ्यापासनं. हिचीच लागली असणार."

"बघू."

त्यांनी आईचे हात दिव्याखाली धरले, कोपरापर्यंत उलटेपालटे करून पाहिले. पायांना, घोट्याला काही पुरळ आहे का, विचारलं. आई म्हणाली, पुरळ कुठंच नाही. तळहात, तळपाय, आणि आता पाठसुद्धा. झोप लागत नाही. डॉक्टरांनी चिठ्ठी लिहिली. आईनं शेवंतीला टॉवेलात गुंडाळलं आणि ती पुढं रिक्षाकडं गेली.

"ताई, जरा थांबा," डॉक्टर मला म्हणाले.

त्यांचा दवाखाना म्हणजे राहत्या घराचा पुढचा व्हरांडा होता, लाकडी जाळी लावून बंद केलेला. मी खुर्चीला धरून उभी राहिले. मला सातवा महिना होता आणि पाय सुजलेले होते.

"मावशींची खाज हिची नव्हे," ते म्हणाले. "पिसू माणसाला चावली तर घोट्याशी लाल ठिपके दिसतात. खरूज असती तर बोटांच्या बेचक्यात दिसली असती. इथं नुसते नखांचे ओरखडे आहेत. मी जनावरांचा डॉक्टर, माणसांचं जास्त बोलू नये. पण कातडी स्वच्छ असून अंगभर खाज असेल, तर आतलं बघावं लागतं. एकदा रक्त तपासून घ्या. लिव्हरचं मुख्य. उशीर करू नका."

"बरं," मी म्हणाले.

रिक्षात आईनं विचारलं, "काय म्हणत होते?"

"काही नाही. थेंब कसे सोडायचे ते परत सांगत होते."

आईनं शेवंतीच्या कानावरचे केस मागं सारले आणि ती बाहेर बघत बसली.

मी असं का केलं, याचा मी नंतर पुष्कळ विचार केला. तेव्हा केला नव्हता. माझी आधीची दोन गर्भारपणं अर्ध्यावर गेली होती. तिसऱ्या खेपेला मी जीव मुठीत धरून माहेरी आले होते आणि घरात पाऊल टाकलं तर कॉटवर, कपड्यांच्या घडीत, ताटाच्या कडेला कुत्रीचे केस. तिच्या पाठीवर ओल्या जखमा, त्याचा आंबूस वास. सासूबाई रोज फोनवर विचारायच्या, "त्या घरात तान्हं मूल ठेवणार का तू?" मी आईला दोनदा सांगून पाहिलं. "मुकं जनावर आहे गं, बरं होईल," एवढंच ती म्हणायची.

आणि दुसरंही एक होतं, तेही सांगून टाकते. मी एवढ्या वर्षांनी राहायला आले होते, पण आई पहाटे उठायची ती शेवंतीसाठी. मला चहा देण्याआधी तिच्या पाठीला औषध लावायची.

त्या संध्याकाळी भरतेशचा फोन आला. आई देवळात गेली होती. डॉक्टर काय म्हणाले, त्यानं विचारलं.

"आईला कुत्रीचंच लागलंय म्हणाले," मी बोलून गेले.

तो हबकला. "डॉक्टर म्हणाले असं?"

"हो. पोराला पण लागेल उद्या."

फोन ठेवल्यावर मी मनाशी ठरवलं, कुत्री एकदा गेली की आईचं रक्त तपासून घेऊ. आठवड्याभराचा तर प्रश्न आहे.

रविवारी भरतेश गाडी घेऊन आला. चहाही न घेता त्यानं आईपुढं बैठक मारली. कवठेपिरानच्या आपल्या शेतावर इंदाबाई आहे, तिचा नवरा आपलं शेत वाट्यानं करतो, मोकळी जागा आहे, कुत्री तिथं मजेत राहील, असं सगळं बोलला. आई ऐकत नाही असं दिसल्यावर म्हणाला, "आई, तांबोळी डॉक्टरांनीच सांगितलंय की ताईला. तुझी खाज हिचीच आहे. बाळालाही लागेल."

आईनं माझ्याकडं पाहिलं.

"असं म्हणाले ते?"

"हो," मी म्हणाले.

मग आई उठली. शेवंतीची वाटी, चादर, थेंबांची डबी, शाम्पू असं एकेक पिशवीत भरलं. भरतेशला म्हणाली, "इंदाबाईला नीट सांग. घड्याळ लावून दहा मिनिटं. तिच्याकडं घड्याळ नसलं तर सहाशेपर्यंत मोजायला सांग. आणि थेंब कातडीवर, केसावर नव्हे." शेवंतीला तिनं स्वतः गाडीत ठेवलं. गाडी कोपऱ्यावरनं वळेपर्यंत ती दारात उभी होती. दोन्ही तळहात ती साडीच्या काठावर घासत होती.

रक्त तपासायचं राहिलं. आईला मी कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं आणि त्यांनी विचारायच्या आतच सांगितलं, घरात कुत्री होती, जनावरांच्या डॉक्टरांनी तिचीच लागण सांगितली आहे. त्यांनी खरजेचं औषध दिलं. गळ्यापासून पायापर्यंत लावायचं, सकाळी धुवायचं. आईनं ते तीनदा लावलं. खाज तसूभर कमी झाली नाही. "अजून अंगातनं जायची आहे," मी म्हणायचे. आई म्हणायची, "जाईल."

ऑक्टोबरात मला मुलगी झाली. आईनं माझं बाळंतपण केलं. डिंकाचे लाडू वळले, शेगडी पेटवून शेक दिला, बाळाला मांडीवर घेऊन तेल चोळलं. तेल चोळून झालं की ती मोरीत जाऊन पाण्यानं भरलेला पितळी तांब्या दोन्ही तळव्यांत घट्ट धरून उभी राहायची. गार लागलं की जरा बरं वाटतं, म्हणायची. तिचं जेवण निम्म्यावर आलं होतं. सूर्य मावळायच्या आत जेवायची तिची रीत होती. आता दिवस असतानाही ताटावरनं उठून जायची.

बाळ दीड महिन्याचं झालं तेव्हा लस टोचायला आम्ही दवाखान्यात गेलो. तिथल्या सिस्टरनी बाळाला खिडकीशी उजेडात धरलं, डोळे बघितले. "बाळाची कावीळ गेली बघा छान," त्या म्हणाल्या. मग बाळ परत घ्यायला आई पुढं झाली, तिच्यावर उजेड पडला, आणि सिस्टर थबकल्या.

"आजी, तुमचे डोळे बघू? अहो, तुमचे तर हळदीसारखे पिवळे झालेत."

पुढचं सगळं आठ दिवसांत उरकलं. रक्त, सोनोग्राफी, मग मिरजेला मोठ्या दवाखान्यात. पित्ताच्या नळीत गाठ होती. ती नळी बंद होत आली होती, पित्त रक्तात उतरत होतं, आणि त्याचीच ती खाज. गाठ काढण्यापलीकडं गेली होती. पित्त वाहायला एक बारीक नळी बसवता येईल, त्यानं थोडं सुसह्य होईल, एवढं डॉक्टरांनी सांगितलं.

भरतेशनं विचारलं, "चार महिन्यांपूर्वी आणलं असतं तर?"

"तेव्हा कदाचित ऑपरेशनचा विचार करता आला असता," डॉक्टर म्हणाले. "खात्रीनं नाही सांगता येत."

मी बाळाला खांद्यावर घेऊन भिंतीशी उभी होते. भरतेश माझ्याकडं वळला आणि म्हणाला, "तो जनावरांचा डॉक्टर!"

नळी बसवून आईला घरी आणलं. खाज खरोखरच उतरली. चौथ्या दिवशी पडल्या पडल्या ती म्हणाली, "शेवंतीचं कसं असेल गं?"

दुसऱ्या दिवशी मी बाळाला शेजारच्या काकूंकडं ठेवलं आणि कवठेपिरानला गेले. शेवंती गोठ्याच्या कुडाला बांधलेली होती. मी तिला ओळखलं नाही. कंबरेपासून शेपटीपर्यंत केस नव्हते. तिथली कातडी काळी, जाड, सुरकुतलेली झाली होती. अंगाला गाडीच्या तेलाचा वास येत होता.

"लई खाजवती ओ," इंदाबाई म्हणाली. "थेंब संपलं, मग जळकं ऑईल लावलं. आमच्या बैलाला लावतो की खरजंला. सहाशे मोजून अंघोळ घालत होते सुरवातीला, खोटं कशाला बोलू. मग ऊसतोड आली."

मी तिला काय बोलणार होते? शेवंतीला उचललं तर ती थरथरत माझ्या हाताला नाक लावत राहिली. मी तिला घेऊन तडक तांबोळी डॉक्टरांकडं गेले.

त्यांनी तिला टेबलावर घेतलं. तेल निघेपर्यंत कोमट पाण्यानं हळूहळू धुतलं, कातडी बोटांनी चाचपली, एक इंजेक्शन दिलं. मग हात पुसत त्यांनी विचारलं, "मावशींचं रक्त तपासलं?"

"तपासलं. उशिरा."

"लिव्हर?"

"पित्ताची नळी. गाठ आहे."

त्यांनी टॉवेल खुंटीला अडकवला. पाठमोरे उभे राहिले. "मी त्या दिवशी मावशींनाच सांगायला हवं होतं," ते म्हणाले. "त्या घाबरतील म्हणून तुम्हाला सांगितलं."

मला त्यांच्याकडं बघवलं नाही. मी शेवंतीला घेऊन निघाले.

आईनं तिला पाहिलं आणि दोन्ही हात पुढं केले. शेवंती कॉटवर चढली, आईच्या पोटाशी वळून बसली. त्या दिवसापासून शेवंतीचं सगळं मी करू लागले. थेंब, उकळत्या पाण्यातली चादर, दहा मिनिटांचा शाम्पू. आई उशाला टेकून सूचना द्यायची. "डोळ्यात जाऊ देऊ नकोस. बोटांच्या मधे लाव." महिन्याभरात काळ्या कातडीवर पांढरी लव फुटली. तोवर आईच्या मनगटाची हाडं वर आली होती.

एका दुपारी बाळ झोपलं होतं. मी आईचे पाय चोळत होते. आई म्हणाली, "हिची खाज गेली बघ. बघता बघता गेली."

मी मान हलवली.

"तांबोळी डॉक्टर हुशार माणूस आहे," आई म्हणाली. "माझंही त्यांनी बरोबर सांगितलं होतं."

माझे हात थांबले.

"जाळीतनं ऐकू येत होतं गं. रिक्षा तिथंच तर उभी होती."

मी तिच्या पायांवर डोकं टेकवलं आणि रडायला लागले. आईनं मला रडू दिलं. पुष्कळ वेळानं मी विचारलं, "मग तू बोलली का नाहीस? भरतेश समोर बसला होता, तेव्हा का नाही बोललीस?"

"तुला खोटं पाडू? त्याच्यासमोर? सात महिन्यांची पोटुशी तू." ती थांबली, दम घेतला. "आणि मलाही नकोच होतं तपासायला. तू म्हणालीस कुत्रीचं आहे, मला वाटलं, असू दे कुत्रीचंच. बाळंतपण पार पडू दे. सगळं तुझ्या अंगावर घेऊ नकोस. निम्मं माझं आहे."

"आई—"

"ऐक. भरतेशला यातलं काही सांगू नकोस. तो एककल्ली आहे, आप्पांसारखा. एकदा मनातनं उतरलं की उतरलं. माझ्यामागं तुम्ही दोघंच आहात. शपथ घालत नाही, पण सांगू नकोस."

"नाही सांगणार," मी म्हणाले.

माघात आई गेली. सकाळी सातच्या सुमाराला, णमोकार मंत्र कानावर पडत असताना, शांतपणे. भरतेश आदल्या दिवशीच आला होता. घरात पाहुणे भरले. शेवंती आईच्या खोलीतनं हलेना, तेव्हा कुणीतरी तिला बाहेर काढून दार लावलं. ती पुढच्या पायरीवर बसून राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे जरा पांगले होते. भरतेश आंघोळ करून बाहेर आला आणि पायरीवर शेवंतीला बघून त्याचा तोल गेला.

"हिला घालव आधी इथनं! हिच्यापायी आई गेली."

"भरतेश, ती काय—"

"मला कळतंय गाठ कुत्रीनं होत नाही. पण चार महिने आपण हिची खरूज समजून बसलो की नाही? कुणामुळं? त्या तांबोळीमुळं. ढोरं तपासणारा माणूस, माझ्या आईच्या हाताकडं बघून छातीठोक सांगतो, कुत्रीचंच आहे म्हणून!" त्यानं गाडीची किल्ली घेतली होती. "मी काल वकिलाशी बोललोय. आज त्याला जाब विचारणार. दवाखाना बंद पाडल्याशिवाय राहणार नाही. सगळ्या सांगलीला कळू दे."

आईचं बोलणं मला आठवत होतं. एकेक शब्द. मी एवढंच म्हणाले असते की आता जाऊ दे, दिवस झाल्यावर बघू, तर तो कदाचित थांबलाही असता. पण दिवस झाल्यावर गेलाच असता.

"तांबोळी डॉक्टर असं म्हणालेच नव्हते," मी म्हणाले.

तो दारात थांबला.

"ते म्हणाले होते, हे कुत्रीचं नाही. लिव्हर तपासा, उशीर करू नका. मला सांगितलं होतं. मी तुला खोटं सांगितलं."

त्याला पहिल्यांदा कळलंच नाही. मला पुन्हा सगळं सांगावं लागलं. सांगताना मी कुठलंही कारण दिलं नाही. पोटातल्या बाळाचं नाही, सासूबाईंचं नाही.

"आईला माहीत होतं?" त्यानं विचारलं.

"होतं. तिनं ऐकलं होतं."

तो तिथंच उंबऱ्यावर बसला. हातातली किल्ली त्यानं जमिनीवर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी जवळ गेले, खांद्यावर हात ठेवला. त्यानं तो हळूच काढून बाजूला केला. झटकला असता तर बरं झालं असतं.

भरतेश तेराव्यापर्यंत थांबला. सगळे विधी नीट केले, आल्यागेल्याचं पाहिलं, माझ्या मुलीला मांडीवर घेऊन बसला. माझ्याशी बोलला नाही. त्याला आता अकरा वर्षं झाली. मी दरवर्षी राखी पाठवते. पोचल्याचं भावजय कळवते.

शेवंतीला मी इचलकरंजीला नेलं. ती आणखी पाच वर्षं जगली. माझी मुलगी तिच्या अंगाला धरून उभी राहायला शिकली. महिन्याचे थेंब मी एकदाही चुकवले नाहीत. डॉक्टर तांबोळी आता थकले, दवाखाना त्यांची मुलगी बघते.

आईनं सांगितलं होतं ते बरोबर होतं. तिला आपला मुलगा माहीत होता. तिचं ऐकलं असतं तर आज मला भाऊ असता, असं राखीच्या दिवशी हटकून मनात येतं. पण त्या सकाळी एक निर्दोष माणूस गावाच्या दुसऱ्या टोकाला कुणाची तरी जनावरं तपासत बसला होता, आणि एक मुकं जनावर पायरीवर बसून दाराकडं बघत होतं. त्या दोघांच्या बाजूनं बोलू शकेल असं घरात माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं.